आईची मुलाखत

बाबा गेल्यावर आई सिडनीला माझ्याकडे आली ती "थोडे दिवस बदल म्हणून". त्या थोड्या दिवसांची वीसेक वर्षं झाली. माझी लेक तिच्या डोळ्यांदेखत जन्मली, तिच्या हातचं खाऊन वाढली, आणि आता तिला इंग्रजीत उत्तरं देते. आईने इथलं नागरिकत्वही घेतलं. काउन्सिलच्या हॉलमधल्या समारंभात प्रत्येकाला एकेक रोप दिलं होतं. आईने ते टूनगॅबीच्या आमच्या घरामागे कुंपणाशी लावलं. आता ते इतकं पसरलंय की शेजारचे गृहस्थ त्याच्या फांद्यांवरून अधूनमधून कुरकुर करतात आणि आई त्यांना "नो वरीज" म्हणून चकली देते.

माझी धाकटी बहीण अमेरिकेत असते. तिला जुळं झाल्यापासून आई वर्षातून एकदा तरी तिकडे जाते, कधी दोनदा. सोडायला मी जाते. सकाळी सिडनीहून निघायचं आणि इतका लांबचा प्रवास करून त्याच दिवशीच्या सकाळी तिथे उतरायचं, हे आईला अजून पटलेलं नाही. "म्हणजे हा दिवस आपल्याला फुकटचा मिळाला," असं ती दर वेळी म्हणते.

एका खेपेला मात्र त्या फुकटच्या दिवसाने तिची परीक्षा पाहिली. एकाच वेळी बरीच विमानं उतरली होती आणि इमिग्रेशनची रांग दोऱ्यांच्या मधून वळसे घेत घेत पार मागच्या भिंतीपर्यंत गेली होती. आईचे गुडघे धड नाहीत. व्हीलचेअर घेऊया असं मी निघण्याआधीच सुचवलं होतं. त्यावर "अजून पाय आहेत ना मला?" हे तिचं ठरलेलं उत्तर. त्या रांगेत अर्ध्यावर आल्यावर तिने माझा दंड घट्ट धरला. बघते तर ओठ पांढरे पडलेले. ती खाली बसली नाही, पण पुढचा सगळा वेळ तिचा अख्खा भार माझ्या हातावर होता. मी तिला बहिणीकडे पोचवून परत आले तरी तो भार माझ्या हातातून उतरला नव्हता.

ऑफिसात कोणीतरी मला त्या योजनेबद्दल सांगितलं. ट्रस्टेड ट्रॅव्हलर, म्हणजे विश्वासू प्रवासी. आधी अर्ज करायचा, ते तुमची सगळी माहिती तपासून बघतात, एक मुलाखत घेतात, आणि मग अमेरिकेत उतरल्यावर तुम्हाला रांगेत उभं राहावं लागत नाही. आता आपल्या ऑस्ट्रेलियन पासपोर्टवरही ती सोय मिळते, असं कळलं. मी त्याच वीकेंडला लॅपटॉप घेऊन बसले. माझा अर्ज भरला, मग आईचा. आई समोर मेथी निवडत होती.

"आई, तू कधी काही गुन्हा केलायस का?"

"केलाय की. तुला इंजिनिअर केलं."

"अगं, खरंच विचारतायत."

"नाही गं बाई, मी कसला गुन्हा करणार?" ती म्हणाली, आणि मी पुढच्या प्रश्नावर गेले.

काही आठवड्यांनी दोघींचीही प्राथमिक मंजुरी आली. राहिली फक्त मुलाखत. तिच्यासाठी वेगळं कुठे जायला नको, अमेरिकेत उतराल तेव्हा विमानतळावरच द्या, असं कळवलं होतं. मला बरं वाटलं. पासपोर्ट पाहतील, बोटांचे ठसे घेतील, दोन प्रश्न विचारतील, संपलं.

आईने मात्र मुलाखत हा शब्द मनावर घेतला. विमानात जायला ती नेहमी सुटसुटीत पंजाबी ड्रेस घालते, या वेळी सुती साडी नेसली. उतरायच्या आधी पावडर लावून, केस नीट करून बसली. मी हसले तर म्हणाली, "आयुष्यात मुलाखत दिलीच कुठे मी? नोकरी केली नाही. तुझ्या बाबांकडचे बघायला आले होते तेवढीच काय ती."

मुलाखतीच्या पाटीकडे वळलो तर तिथे अगदीच थोडे लोक होते. काउंटरमागचा अधिकारी पन्नाशीचा असेल, चष्मा कपाळावर चढवलेला, आवाज शांत. आधी मला बोलावलं. कुठे राहता, काय काम करता, कोणकोणत्या देशांत गेलात. सिडनीच्या पाणीपुरवठ्याच्या प्रकल्पांवर काम करते म्हटल्यावर त्याने मान डोलावली. मग, कधी अटक झाली आहे का, जगात कुठेही?

"नो," मी म्हटलं. त्या उत्तराला काहीच लागलं नाही. दहा बोटांचे ठसे, एक फोटो, अभिनंदन. मी विश्वासू झाले.

मग आई. तिचं इंग्रजी कानाला चांगलं आहे, जिभेवर थोडं अडतं, म्हणून मी शेजारी उभी राहिले तर चालेल का असं विचारलं. त्याने परवानगी दिली. नाव, जन्मतारीख, पत्ता. टूनगॅबी त्याला म्हणता येईना तेव्हा आईने त्याला दोनदा म्हणून दाखवलं. दोघंही हसली. सगळं छान चाललं होतं.

"मॅम, तुम्हाला कधी अटक झाली आहे का? जगात कुठेही, थोड्या वेळासाठी का होईना?"

मी मराठीत विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई म्हणाली, "येस."

मला वाटलं, तिला शब्द कळला नाही. "आई, अरेस्ट म्हणजे अटक. पोलिसांनी पकडणं."

"माहितीये मला अरेस्ट म्हणजे काय," ती म्हणाली. "झाली होती."

अधिकाऱ्याने चष्मा डोळ्यांवर घेतला. "ती काय म्हणते आहे?"

ती काय म्हणते आहे हे मलाही माहीत नव्हतं. मी आईकडे बघत राहिले. पासपोर्टवर हात ठेवून ती सरळ उभी होती, चेहरा अगदी साधा.

"अगं, पण त्या दिवशी मी विचारलं तेव्हा..."

"तेव्हा तू गुन्ह्याचं विचारलंस. गुन्हा मी केलाच नाही. हा अटकेचं विचारतोय."

मग तिने सांगायला सुरुवात केली आणि मी ते इंग्रजीत सांगायला लागले. आपल्या आईची आजवर न ऐकलेली गोष्ट एका परक्या माणसाला वाक्यावाक्याने समजावून सांगायची, हा अनुभव विचित्र होता. ऐकून थक्क व्हायलाही मला उसंत नव्हती.

आई नवी सून म्हणून मुंबईत आली तेव्हाची गोष्ट. महागाईचे दिवस. रॉकेल रेशनवर, आणि तेही मिळेल तेव्हा. त्या दिवशी ती पहाटेपासून डबा घेऊन रांगेत उभी होती. ऊन चढल्यावर दुकानदाराने फळी लावली, संपलं म्हणाला. मागच्या दाराने पिंपं जाताना बायकांनी पाहिली होती. कोणीतरी म्हणालं, चला रेशन ऑफिसात. सगळ्या गेल्या, आईही गेली. तिथे कोणी दाद देईना, तेव्हा त्या दारातच बसल्या. येणारा-जाणारा बंद. पोलीस आले, बायकांना गाडीत घालून चौकीवर नेलं आणि दिवस मावळेपर्यंत बसवून ठेवलं.

रॉकेल, रेशन, ठिय्या. एकेक शब्द मी इंग्रजीत कसाबसा उभा करत होते.

"तिने कोणाला इजा केली का?" अधिकाऱ्याने विचारलं.

"छे," आई म्हणाली. "साहेबाच्या टेबलावर रिकामा डबा आपटला तेवढाच."

"कोणी आपटला?" हे मी विचारलं.

"मीच."

हे भाषांतर करायची काही गरज आहे का, असा विचार माझ्या मनात आलाच. आईने माझ्याकडे पाहिलं. "सांग त्याला. नाहीतर मी सांगते." आणि मी काही बोलायच्या आत तिने मूठ वळून काउंटरवर हलकेच ठेवून दाखवली. "आय बँग. टिन. ऑन टेबल. एम्प्टी टिन."

त्याच्या ओठांचा कोपरा हलला. पण टायपिंग थांबलं नाही. पोलिसांनी नाव लिहून घेतलं होतं का, असं त्याने विचारलं. आईने सांगितलं, हो, घेतलं होतं. बऱ्याच जणींनी खोटी नावं सांगितली, घरी कळायला नको म्हणून. तिने खरं सांगितलं.

"का?" त्याने विचारलं. हा प्रश्न बहुधा त्याच्या यादीत नसावा.

आईला त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "नाव विचारलं होतं," ती म्हणाली.

तो उठून आत गेला आणि एका वरिष्ठ बाईंना घेऊन आला. त्यांनी पुन्हा तेच सगळं विचारलं, आईने पुन्हा तेच सगळं सांगितलं, डब्यासकट. खटला झाला होता का? नाही. काही कागद? नाही. बाई सौम्यपणे बोलल्या, पण स्पष्ट बोलल्या. आज निर्णय देता येणार नाही, कळवू. देशात येण्याची अडचण काही नाही, तो वेगळा विषय. आईच्या पासपोर्टवरची बोटं त्यांनी हलकेच थोपटली आणि "थँक यू फॉर टेलिंग अस" म्हणाल्या. आईने मान झुकवून "वेलकम" म्हटलं.

बॅगांच्या पट्ट्याशी आल्यावर मी म्हटलं, "मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं का नाहीस?" असं ती म्हणेल असं मला वाटलं होतं. ती तसं म्हणाली नाही. थोडा वेळ बॅगा फिरताना बघत राहिली, मग म्हणाली, "घरात तो विषय नव्हता. तुझ्या आजोबांनी त्या संध्याकाळी सांगितलं, हे पुन्हा या घरात निघायचं नाही. नाही निघालं. मग सवय झाली."

"आणि बाबा?"

"बाबांनीच आणलं ना मला चौकीवरून. वाटेत एक अक्षर बोलले नाहीत. फक्त डबा माझ्या हातातून घेतला आणि घरापर्यंत स्वतः धरला."

महिन्याभराने ती परत आली आणि त्यानंतर एका दुपारी, मी घरून काम करत असताना, उत्तर आलं. आईचा अर्ज मंजूर झाला नव्हता. कारण एका ओळीत होतं आणि त्या ओळीतून काही कळत नव्हतं.

मला संताप आला. मुंबईतल्या मावसभावाला मी चौकीचे जुने कागद शोधायला लावलं. तो बिचारा दोनदा जाऊन आला. चौकी केव्हाच दुसरीकडे हलली होती आणि इतकं जुनं काही कोणाकडे नव्हतं. जे कधी गुन्हा ठरलंच नाही, ते गुन्हा नव्हतं याचा पुरावा कुठून आणायचा? रात्रीच्या जेवणाला मी हेच बोलत बसले होते. जी बाई साधं टेबलावर डबा आपटल्याचंही लपवत नाही, तिच्यावर विश्वास नाही, आणि नुसतं "नो" म्हणणाऱ्या माझ्यावर आहे.

नवरा म्हणाला, "त्यांनी तरी काय करायचं? ते आईंना ओळखत थोडेच आहेत? त्यांच्यापुढे एक उत्तर आलं, त्यांनी ते लिहिलं."

त्याचं खरं होतं आणि म्हणून मला ते ऐकवेना.

लेक इतका वेळ आमच्या तोंडांकडे बघत होती. "हँग ऑन. आजी वॉज इन जेल?"

"जेल नाही गं. चौकी," आई म्हणाली.

"दॅट्स सो कूल!" मग थोडा विचार करून, "बट आजी, यू शुड हॅव जस्ट सेड नो. नोबडी वुड नो."

खरं सांगायचं तर माझ्याही मनात ते येऊन गेलं होतं. आईने ताटातली भाकरी मोडून आमटीत बुडवली. तिला घाई नव्हती.

"त्या गाडीत," ती नातीला म्हणाली, "खूप बायका कोंबल्या होत्या. मला एकही ओळखीची नव्हती. मी नवी होते ना त्या भागात. आणि मला सारखं मळमळत होतं. तर एका बाईने बघितलं. चांगली दणकट बाई होती, मासे विकणारी असावी, कारण हाताला वास होता आणि त्याने मला आणखीच मळमळायला लागलं." ती हसली. "तिने खिडकीजवळच्या बाईला उठवलं आणि मला तिथे बसवलं. चौकीत दिवसभर माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. पोलिसाला दरडावून पाणी आणायला लावलं. संध्याकाळी प्रत्येकीचं माणूस येऊन घेऊन गेलं. बाबा आले तेव्हा ती तिथेच बसली होती. तिला न्यायला कोणी आलं की नाही, मला कळलंच नाही. नाव विचारायचंही राहिलं."

लेकीला सगळे शब्द कळले नसावेत, पण ती हलली नाही.

"आता त्या माणसाने विचारलं, अटक झाली होती का. मी नाही म्हटलं असतं तर ती बाई नव्हतीच असं झालं असतं ना? तिच्याबद्दल आजवर मला कोणी विचारलं नव्हतं. पहिल्यांदा विचारलं."

मग लेकीचाच प्रश्न आला, "व्हाय वर यू सिक, आजी? कार सिकनेस?"

"नाही गं," आई म्हणाली आणि वाटीनेच माझ्याकडे बोट दाखवावं तसं केलं. "ही होती ना पोटात."

लेक खुर्चीवरून उठलीच. "सो मम वॉज अरेस्टेड टू!" तिला हसू आवरेना, नवराही हसायला लागला. मी हसले, पण माझं मन दुसरीकडेच गेलं होतं. रेशन ऑफिसच्या दारात बसलेली विशीची मुलगी माझ्या डोळ्यांपुढे येत होती. मी ओळखत होते ती आई मंडळाच्या गणपतीत मोदक वळणारी, बसच्या ड्रायव्हरला उतरताना न चुकता थँक यू म्हणणारी. कुठल्या गोष्टीसाठी तिने आवाज चढवलेला मला आठवत नव्हता. एवढी वर्षं एका घरात राहून मी तिला जेवलीस का, गोळी घेतलीस का, गुडघा कसा आहे, एवढंच विचारत आले होते. लग्नानंतरचं पहिलं वर्ष कसं गेलं हे मी कधी विचारलं नव्हतं. एका अनोळखी माणसाने, तेही त्याचं कामच होतं म्हणून, तिला विचारलं आणि तो उत्तराला थांबला.

त्यानंतर मी पुन्हा अर्ज करण्याचं डोक्यातून काढून टाकलं. आईशी भांडून फक्त एक गोष्ट कबूल करून घेतली. व्हीलचेअर नको तर नको, पण घडीची, बसायला उघडता येणारी काठी तिने बरोबर ठेवायची. ती काठी तिला आवडली. मंडळातल्या बायकांना तिने ती उघडून दाखवली आणि दोघींनी लगेच मागवली.

पुढच्या खेपेला आम्ही पुन्हा त्याच विमानतळावर उतरलो. मी तिच्याबरोबर मोठ्या रांगेकडे वळले, तर तिने मला थांबवलं.

"तू तुझ्या तिकडून जा."

"मी नाही जाणार. तुझ्याबरोबर थांबते."

"कशाला? दोघींनी उभं राहून रांग लवकर सरकते का? जा, बॅगा काढून ठेव. माझी निळी बॅग कोणीतरी उचलेल."

मी गेले. यंत्रासमोर उभी राहिले, फोटो निघाला, अधिकाऱ्याने हात केला. पाण्याचा एक घोट घ्यावा इतक्या सहज मी पलीकडे होते. बॅगा काढल्या आणि ट्रॉलीला टेकून उभी राहिले. एवढी सोय झाली होती आणि मला ती अजिबात भोगता येत नव्हती. दारातून माणसं येत होती, आई येत नव्हती. मी दर मिनिटाला मान उंचावून बघत होते. शाळा सुटल्यावर फाटकाशी उभी असलेली ती मला आठवली. तेव्हा तिलाही असंच होत असेल.

शेवटी ती आली, काठी टेकत, सावकाश, पण ओठांवर रंग होता. रांगेत बराच वेळ बसून काढला म्हणाली. मागच्या कुटुंबातल्या लहान मुलीलाही काठीवर बसायचं होतं, म्हणून दोघी आळीपाळीने बसल्या.

"काय विचारलं तुला?"

"किती दिवस राहणार, कोणाकडे राहणार. आणि बरोबर खाण्याचं काय आहे."

"मग?"

"सांगितलं. गोडा मसाला आहे, मेतकूट आहे, तिळाच्या वड्या आहेत."

तिच्या हातात एक चिठ्ठी होती. सामान तपासायला पलीकडच्या टेबलाशी जायचं होतं. "चल," ती म्हणाली, "त्यांना बघायचंय."

टेबलाशी एक तरुण मुलगी होती. तिने हातमोजे चढवले, निळी बॅग उघडली, मसाल्याची पुडी काढून नाकाशी नेली आणि सणसणीत शिंकली. आईने तिला आपला रुमाल दिला. मुलीने तो हसत नाकारला, पुडीला पुन्हा नीट चिकटपट्टी लावली आणि सगळं होतं तसं बॅगेत ठेवून दिलं. बाहेर जुळ्यांनी काचेला नाकं लावली होती आणि मागे बहीण दोन्ही हात हलवत होती.